कार्टून आहे, बघू दे!

शिनचॅन मुलांसाठी काढलेला नव्हता. योशितो उसुई या जपानी चित्रकाराने १९९० मध्ये ही चित्रकथा सुरू केली ती 'मांगा अ‍ॅक्शन' या साप्ताहिकात, आणि त्या साप्ताहिकाचा वाचक होता नोकरदार पुरुष. पाच वर्षांचं पोर घरातली गुपितं चारचौघांत फोडतं, बापाच्या पगारावर आणि आईच्या वजनावर बोलतं, रस्त्याने जाणाऱ्या तरुण मुलींच्या मागे लागतं. हे वाचून मोठी माणसं हसत, कारण हे सगळं बोलायचं नसतं हे त्यांना ठाऊक होतं. १९९२ मध्ये 'टीव्ही असाही' या वाहिनीवर त्याचं कार्टून आलं आणि प्रेक्षक म्हणून समोर येऊन बसली ती मुलं. जपानमधल्या पालक-शिक्षक संघटनेच्या पाहण्यांत, मुलांनी पाहू नयेत असं पालकांना वाटणाऱ्या कार्यक्रमांच्या यादीत हे नाव वर्षानुवर्षं येत राहिलं.

आपल्याकडे शिनचॅन आला २००६ मध्ये, 'हंगामा टीव्ही'वर, हिंदी बोलत. दोन वर्षांत पालकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २००८ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने तो बंद करायला लावला. २००९ मध्ये बरीच कात्री लावून तो परत आला आणि मग कायमचा मुक्कामाला राहिला. त्याची भारतातली लोकप्रियता एवढी की २०२५ मध्ये जपानमध्ये लागलेल्या त्याच्या नव्या चित्रपटाची गोष्टच भारतात घडवलेली आहे.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत ज्या घरात चार ते दहा वर्षांचं मूल आहे, त्या घरात शिनचॅन कोण हे सांगावं लागत नाही. भिगवण रस्त्यावरच्या सोसायट्यांत तो मोठ्या टीव्हीवर असतो, नीरा डाव्या कालव्याच्या कडेच्या वस्त्यांवर आजीच्या मोबाईलमध्ये. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचा किंवा माळेगावचा हंगाम सुरू झाला की बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटे आई-बाप फडात गेले की कोपीत थोरली बहीण, धाकटी भावंडं आणि त्यांना गप्प बसवणारा एक फोन मागे राहतो. बंगला असो की कोपी, मोठ्यांचं वाक्य एकच असतं : कार्टून आहे, बघू दे!

मला या वाक्यावरच बोलायचं आहे. तोच प्रसंग माणसांनी अभिनय करून दाखवला असता तर आपण चॅनेल बदललं असतं. तो रेषांत काढलेला असला की आपण स्वयंपाकघरात निघून जातो. चित्र दिसलं की परवानगी मिळाली, असं आपण धरून चाललो आहोत.

आपला हा समज कसा झाला, हे पाहण्यासारखं आहे. आपल्याकडची चलचित्रं सुरुवातीपासून निरागस किंवा बोधप्रद राहिली. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये आगकाड्यांना पडद्यावर नाचवून 'आगकाड्यांची मौज' केली. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीने १९३४ मध्ये 'जंबूकाका' हा छोटा कार्टूनपट काढला. १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग निघाला. १९७४ मध्ये निघालेल्या, विजया मुळे यांच्या 'एक अनेक और एकता'ने दूरदर्शनवरून सगळ्या देशाला एकीची शिकवण दिली. १९९३ मध्ये रविवारी सकाळी 'जंगल बुक' लागायचं आणि गल्ल्या ओस पडायच्या. म्हणजे आजच्या पालकांना स्वतःच्या लहानपणी कार्टूनने कधी दगा दिला नाही. तो विश्वास त्यांनी पुढच्या पिढीच्या हातात जसाच्या तसा ठेवला.

अमेरिकेत मात्र वाट वेगळी होती. 'फ्लिंटस्टोन्स' हे कार्टून १९६० मध्ये तिथे रात्रीच्या वेळी, घरातल्या मोठ्यांसाठी सुरू झालं. त्याचा सुरुवातीचा एक प्रायोजक विन्स्टन सिगारेट होता आणि फ्रेड व बार्नी ही पात्रं जाहिरातीत सिगारेट ओढताना दिसत. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आल्यावर तेच 'फ्लिंटस्टोन्स' आपण मुलांचं म्हणून पाहिलं. १९८९ च्या डिसेंबरात 'द सिम्पसन्स' आलं, १९९७ मध्ये 'साउथ पार्क', १९९९ मध्ये 'फॅमिली गाय', २०१३ मध्ये 'रिक अँड मॉर्टी'. यांतलं राजकारण, धर्मावरची टीका, दारू, शिव्या, लैंगिक विनोद हे सगळं जाणत्या माणसासाठी लिहिलेलं आहे. त्या देशातही गोंधळ उडालाच. 'अभ्यासात मागे आणि त्याचा अभिमान' अशा अर्थाचं वाक्य छापलेले बार्ट सिम्पसनचे टी-शर्ट १९९० मध्ये मुलं घालून येऊ लागली, तेव्हा काही शाळांनी त्यांवर बंदी घातली.

मुलावर याचा परिणाम नेमका कसा होतो? या प्रश्नाला जुनं आणि अजून उपयोगी पडणारं उत्तर अल्बर्ट बांडुरा यांनी दिलं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६१ मध्ये त्यांनी बालवाडीतल्या मुलांसमोर एका मोठ्या माणसाला हवा भरलेल्या बाहुलीला मारायला लावलं. ही बाहुली खाली पाडली की पुन्हा उभी राहते. नंतर मुलांना त्या बाहुलीजवळ सोडलं, तर त्यांनी तसंच मारलं, वर तेच शब्दही वापरले. १९६३ मध्ये त्यांनी ९६ मुलं घेतली आणि प्रश्न पुढे नेला. काही मुलांना प्रत्यक्ष माणूस दाखवला, काहींना त्याची फिल्म, काहींना काळ्या मांजराच्या वेशातलं पात्र असलेली कार्टूनसारखी फिल्म. नक्कल तिन्ही गटांनी केली. हे खोटं आहे, चित्रातलं आहे, म्हणून मुलं ते बाजूला ठेवतील ही आशा तिथेच संपली.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा १९६५ चा प्रयोग. या वेळी फिल्मचा शेवट बदलला होता. एका गटाला मारणाऱ्याला बक्षीस मिळालेलं दाखवलं, दुसऱ्याला तो ओरडा खाताना, तिसऱ्याला काहीच झालेलं नाही असं. ओरडा खाल्लेला पाहणाऱ्या मुलांनी नक्कल कमी केली. इथवर अपेक्षितच होतं. मग बांडुरांनी सगळ्याच मुलांना सांगितलं, जे पाहिलंत ते करून दाखवा, खाऊ मिळेल. आणि तिन्ही गटांतला फरक जवळजवळ पुसला गेला. ज्यांनी आधी काहीच केलं नव्हतं, त्यांनाही सगळं येत होतं. शिकणं झालेलं होतं. फक्त ते बाहेर काढायला कुणीतरी शाबासकी द्यावी लागत होती.

इंदापूर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात मी हा प्रयोग पुन्हा घडताना पाहिला. पंगती उठत होत्या. पाचेक वर्षांचा एक मुलगा नवरीच्या मैत्रिणींच्या घोळक्यापाशी गेला, आवाज चेपून हिंदीत त्यांना म्हणाला, तुम्हाला शिमला मिरची आवडते का? हा शिनचॅनचा मुलींशी ओळख काढण्याचा ठरलेला प्रश्न. मग त्याने कंबर हलवली. मुली हसल्या, मावश्या हसल्या, आणि त्याचा मामा फोन काढून म्हणाला, "परत कर रे, परत कर, व्हिडिओ काढतो." मुलाने परत केलं, आणखी जोरात. संध्याकाळपर्यंत ते मामाच्या स्टेटसला होतं. पुढे काही दिवसांनी त्याच्या आईकडून कळलं की शाळेत बाईंसमोर त्याने तेच केलं आणि मार खाता खाता वाचला. घरी येऊन तो रडत विचारत होता, तिथे हसले, मग इथे का रागावले? आईजवळ उत्तर नव्हतं.

त्या मुलाला ही नक्कल जपानी चित्रकाराने शिकवली हे खरं. पण तिला शाबासकी दिली ती आपण, हसून आणि व्हिडिओ काढून. प्रभाव म्हणतात तो पडद्यावर अर्धाच असतो; उरलेला अर्धा पडद्याच्या अलीकडे, सोफ्यावर बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर असतो. शिनचॅन पाहणारी दोन मुलं दोन वेगळ्या घरांत वेगळी का निघतात, याचं कारण मला इथे दिसतं.

दुसरी गोष्ट वयाची. उपरोध कळायला वय लागतं. साधारण सहाव्या वर्षाच्या सुमारास मुलाला कळू लागतं की बोलणारा म्हणतो एक आणि त्याच्या मनात आहे दुसरं. त्यातली गंमत कळायला आणखी काही वर्षं जातात. 'फॅमिली गाय'मधला बाप मूर्ख, आळशी, बायकांबद्दल वाटेल ते बोलणारा आहे, आणि लेखक त्याच्यावर हसतो आहे. हा दुसरा मजला ज्याला दिसत नाही त्याला एवढंच दिसतं की बाप असं बोलतो आणि सगळे हसतात. व्यंग गळून जातं आणि तेवढं वागणं हाती उरतं.

पूर्वी मोठ्यांच्या विनोदाला दार होतं. जत्रेतल्या तमाशाची बतावणी रंगात आली की कुणीतरी आबा किंवा तात्या मागे वळून पोरांना दरडावायचे, चला, घरी पळा. दादा कोंडक्यांचे द्व्यर्थी संवाद ऐकायला तिकीट काढून थिएटरात जावं लागे. पोरं चोरून ऐकायचीच, पण चोरून ऐकतो आहोत हे त्यांना माहीत असायचं आणि त्या जाणिवेतच अर्धी समज होती. उसाच्या गाडीवाल्याच्या तोंडची शिवी पोरगं ऐकायचं तेव्हा त्या माणसाचा तापलेला चेहराही पाहायचं. आता तीच शिवी त्याच्या आवडत्या मांजराच्या तोंडून, पाठीमागे हसण्याचा आवाज लावून येते.

आणि ती मराठीत येते. यूट्यूबवर 'टॉम अँड जेरी'सारख्या जुन्या कार्टूनांना गावरान मराठी आवाज देऊन केलेले विनोदी व्हिडिओ भरपूर फिरतात. काही खरोखर झकास असतात, करणाऱ्यांचा कान पक्का असतो, आपल्या बोलीची लय त्यांत अशी उतरते की अभिमान वाटावा. पण काहींत आई-बहिणीवरून शिव्या आणि दारूगुत्त्यावरचे विनोद ठासून भरलेले असतात. हे व्हिडिओ कॉलेजच्या पोरांसाठी केलेले असतात, आणि करणाऱ्यांनी तसं म्हणायला हरकत नाही. अडचण अशी की बाहेरून दोन्हींचं चित्र एकच. चार वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही. त्याला मांजर दिसतं आणि तो बोट लावतो. पुढचा व्हिडिओ आपोआप लागतो, त्याच्या पुढचाही. मूळ निरागस कार्टूनपासून शिव्यांपर्यंतचं अंतर दोन-तीन व्हिडिओंचं असतं, आणि तेवढ्या वेळात आईची भाकरी थापून होते.

मोठ्या मुलांचं वेगळं. बारामतीत शिकायला आलेल्या, खोली घेऊन राहणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलांच्या फोनमध्ये हीच अमेरिकन कार्टून तुकड्यांनी येतात. स्क्रीनच्या वरच्या अर्ध्या भागात 'फॅमिली गाय'चा मिनिटभराचा प्रसंग, खालच्या अर्ध्यात 'सबवे सर्फर्स'चा पळता खेळ, म्हणजे नजर हलू नये. पूर्ण भागात त्या विनोदाला जो संदर्भ होता, तो या तुकड्यात कापला गेलेला असतो. काळ्या माणसावरचा, अपंगावरचा, जाड मुलीवरचा टोमणा तेवढा शिल्लक राहतो. मग वर्गातल्या एखाद्या मुलीला त्याच चालीवर नाव पडतं.

तरीही सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना या कार्टूनांपासून तोडावं असं मी म्हणणार नाही. पूर्ण भाग पाहिला तर 'द सिम्पसन्स' सत्तेकडे, जाहिरातीकडे, स्वतःच्या घराकडेही डोळे उघडून पाहायला शिकवतं. 'बोजॅक हॉर्समन' या कार्टूनमध्ये नैराश्य आणि व्यसन यांवर जितकं खरं बोललं गेलं आहे तितकं आपल्या कित्येक मालिकांत नाही. घरापासून दूर एकट्याने राहणाऱ्या मुलाला असं काही पाहून आपल्या मनाचं नाव सापडू शकतं. वय झालेल्याला ते मिळावं, वय न झालेल्याच्या हाती ते पडू नये, एवढाच हा वाद आहे.

भीती वाढवून सांगण्याचीही गरज नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात पाच वर्षांच्या मुलाने लावलेल्या आगीत त्याची धाकटी बहीण गेली. आईने 'बीव्हिस अँड बटहेड' या कार्टूनला दोष दिला आणि एमटीव्हीने ते रात्री उशिराच्या वेळेला हलवून त्यातले आगीचे उल्लेख काढले. त्या मुलाने खरंच ते पाहून आग लावली का, हे सिद्ध झालं नाही. बांडुरांच्या प्रयोगावरही आक्षेप आहेत : ती बाहुली मारण्यासाठीच केलेली होती, आणि बाहुलीला मारणारं मूल माणसाला मारेलच असं नाही. २०११ मध्ये चार वर्षांच्या ६० मुलांवर केलेल्या एका अभ्यासात, नऊ मिनिटं वेगवान 'स्पंजबॉब' पाहिलेल्या मुलांना त्यानंतर लगेच लक्ष लावणं आणि धीर धरणं जड गेलं. तो परिणाम तेवढ्यापुरता मोजलेला होता. कार्टूनने मूल बिघडतं असं सरसकट वाक्य विज्ञान बोलत नाही. लहान मूल पाहिलेलं साठवतं आणि जिथे शाबासकी मिळेल तिथे बाहेर काढतं, हे मात्र ते ठामपणे सांगतं.

भाषेचा परिणाम तर सगळ्यांच्या कानांवर आहे. हिंदीतला 'डोरेमॉन' पाहून मुलं हिंदी बोलू लागली म्हणून बांगलादेश सरकारने २०१३ मध्ये तो थांबवला. आपल्याकडेही निमगाव केतकीच्या पानमळ्यावर वाढणारं मूल आजोबांशी कार्टूनच्या हिंदीत भांडतं. बंदी हा त्यावरचा उपाय मला वाटत नाही. मराठी आवाज देणाऱ्या वाहिन्या आता आहेत, सेट-टॉप बॉक्समध्ये भाषा बदलण्याचं बटण आहे, ते कुणी दाबत नाही एवढंच.

कायदा काय म्हणतो? केबल टीव्हीचे १९९४ चे नियम सांगतात की मुलांच्या कार्यक्रमांत घाणेरडी भाषा आणि उघड हिंसा नसावी, आणि मुलांना न शोभणारे कार्यक्रम मुलं जास्त संख्येने पाहतात त्या वेळी लावू नयेत. ओटीटीसाठी २०२१ चे नियम आहेत. त्यानुसार प्रत्येक कार्यक्रमाला यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ किंवा ए अशी खूण असते आणि ती सुरुवातीलाच पडद्यावर येते. १३+ पासून पुढच्या सगळ्याला पालकांना कुलूप लावता आलं पाहिजे आणि ए खुणेच्या कार्यक्रमाला वयाची खात्री करणारी सोय हवी. नियम चांगले आहेत. पण यूट्यूबवर कुणीही टाकलेल्या व्हिडिओला ही वयाची खूण लागत नाही, आणि आपल्या दोन तालुक्यांतली बहुतेक लहान मुलं पाहतात ते यूट्यूब. शिवाय फोन बापाचा, खातं बापाचं. फोनच्या लेखी पाहणारा माणूस पस्तिशीचा आहे.

म्हणून पहिलं काम पाच मिनिटांचं आहे. मुलासाठी 'यूट्यूब किड्स' हे वेगळं अ‍ॅप घ्यायचं. ते नको असेल तर साध्या यूट्यूबच्या सेटिंगमध्ये 'रिस्ट्रिक्टेड मोड' चालू करायचा आणि आपोआप पुढचा व्हिडिओ लावणारं 'ऑटोप्ले'चं बटण बंद करायचं. नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणी मुलाचं वेगळं प्रोफाइल करून मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावायचा. यांतून काहीच निसटत नाही असं नाही, पण मांजराच्या चित्रामागे लपलेलं बरंच काही अडतं. वेळेचं म्हणाल, तर दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा नको आणि दोन ते पाच वयाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे.

हे सगळं एकट्या आईच्या गळ्यात घालणं मला मान्य नाही. गुरं, शेत, चूल आणि एमआयडीसीतली पाळी सांभाळणाऱ्या बाईने मुलाजवळ बसून कार्टून पाहावं असं शहाणपण सांगणं सोपं आहे. कोपीतल्या थोरल्या बहिणीला तर सांगायचंही तोंड नाही. ती स्वतःच नऊ वर्षांची आहे आणि तिने साखरशाळेत असायला हवं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ च्या ऑगस्टमध्ये जे केलं, ते यासाठीच मोलाचं वाटतं. तिथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो, सगळ्या गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद होतात, साडेआठला दुसरा भोंगा होतो. आईने एकटीने फोन काढून घेतला तर मूल आकांत करतं. सगळ्या गल्लीतच फोन बंद असला तर ते बाहेर खेळायला जातं किंवा पुस्तक उघडतं. गावाने ठरवलं म्हणून ते जमलं.

बारामती-इंदापूरला हे जमण्यासारखं आहे. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. गणवेश आणि पोषण आहाराच्या जोडीने हा विषय समितीच्या पुढच्या बैठकीत घ्या. एखाद्या शिक्षकाने पालकांना फोन हातात घ्यायला लावून ती सेटिंग तिथल्या तिथे करून द्यावी, अंगणवाडी सेविकेने तेच आजी-आजोबांसाठी करावं, आणि कारखान्यांनी हंगामात कोप्यांवर जाऊन करावं. घरात मूल शिनचॅन बघत असेल तर एकदा त्याच्या शेजारी बसून सबंध भाग पाहा. तो कशावर हसतो ते विचारा, आणि जिथे हसू नये असं तुम्हाला वाटतं तिथे का, ते त्याला सांगा. आणि पुढच्या लग्नात कुणाच्या पोराने कंबर हलवून नक्कल केली, तर कृपा करून फोन खिशातच राहू द्या.